समासातल्या ओळी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी मधल्या खोलीच्या फडताळात जुने दिवाळी अंक आहेत. परवा नवरात्राच्या आधीची झाडलोट करताना त्यांतला १९८७ सालचा एक अंक हाती आला आणि सहज मधले पान उघडले, तर कथेच्या डाव्या समासात पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसल्या. चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक तिरपी, असे पाचापाचांचे गट पान संपेपर्यंत खाली उतरत गेले होते, आणि तळाशी माझ्या सासूबाईंच्या गोल वळणाच्या अक्षरात लिहिले होते, ‘पाठ, ११२ टाके. मुंढा इथून.’ पुढच्या पानावर रेघा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या होत्या. मी झाडलोट तशीच ठेवली आणि जमिनीवर बसून ती सबंध कथा वाचून काढली, कारण ती मीच त्यांना वाचून दाखवली होती. आणि ज्या राखाडी स्वेटरची ती पाठ होती तो अजून ह्यांच्या कपाटात आहे.

पुस्तकात असते तीही ओळ आणि सुईवर विणली जाते तीही ओळच. आमच्या घरी या दोन्ही ओळी तेहतीस हिवाळे शेजारी शेजारी चालल्या. वाचन आणि विणकाम हे दोन्ही उद्योग एकट्याने, कोपऱ्यात बसून करायचे असा सर्वसाधारण समज आहे, आणि पुष्कळ जणी ते तसेच करतात. माझा अनुभव निराळा आहे. या दोन गोष्टी एकत्र उत्तम चालतात, पण त्यासाठी घरात माणसे दोन लागतात: एक वाचणारी आणि एक विणणारी.

वाचन मी माहेरहून आणले. माझे माहेर बडोद्याचे, आणि बडोद्यात वाढलेल्या माणसाला पुस्तके ही नळाच्या पाण्यासारखी दारापर्यंत यायचीच गोष्ट वाटते. याचे श्रेय सयाजीराव महाराजांचे. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही तर शिकलेले सगळे विरून जाईल हे ओळखून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्या काळात ग्रंथालयांचे एक वेगळे खातेच उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली, आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांचे मजले एकावर एक रचलेले आहेत आणि त्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. वडिलांचे बोट धरून मी तिथे जात असे, आणि डोक्यावरच्या काचेतून कुणाच्या तरी पावलांच्या सावल्या सरकताना पाहत खाली पुस्तकाची वाट बघत उभी राहत असे. उजेड आणि पुस्तक यांची सांगड माझ्या मनात तिथे पडली ती आजतागायत सुटलेली नाही. विणकामाचा मात्र आमच्याकडे कुणालाही गंध नव्हता. बडोद्याची थंडी ती किती! सकाळी एखादी शाल, पौषात चार-आठ दिवस ट्रंकेतला अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, की संपला हिवाळा.

१९८६ च्या डिसेंबरात लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले, तेव्हा थंडी म्हणजे काय ते पहिल्यांदा कळले. जानेवारीत इथे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, धुके असे दाटते की गाड्या तासन् तास उशिरा येतात, आणि आमची जुनी दगडी घरे एकदा गारठली की दुपारपर्यंत गारठा सोडत नाहीत. घरात बसण्यापेक्षा गच्चीवर बसणे बरे असा तो काळ असतो. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला लष्कराचा तळ टाकला, त्या तळाचेच पुढे हे लष्कर नावाचे शहर झाले, आणि त्या तळाबरोबर आलेल्या मराठी घरांनी इथल्या कितीतरी सवयी आपल्याशा केल्या. अकराच्या सुमाराला गच्चीवर जाऊन विणत बसणे ही त्यांतलीच एक असावी. दक्षिणेतल्या आमच्या नातेवाइकांत स्वेटर विणणाऱ्या बायका फार थोड्या. लष्करातल्या मराठी आणि हिंदी बायकांच्या हातांत मात्र सारख्याच सुया असत.

पहिल्याच आठवड्यात मला एक शब्द भेटला, तो मला आजही अतिशय प्रिय आहे. शेजारच्या भाभीजींनी कठड्यावरून विचारले, ‘बहू, तुम्हारे यहाँ ऊन अच्छी मिलती है?’ मी मनापासून सांगितले की बडोद्यात बाराही महिने मिळते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसल्या आणि मला समजावले की हिंदीतली ऊन म्हणजे लोकर. ग्वाल्हेरच्या मराठी बायका इतकी वर्षे उन्हात बसून ऊन विणत आलेल्या आहेत, आणि बोलण्याच्या ओघात कुठले ऊन कुठले हे त्यांना थांबून पाहावे लागत नाही. तसेच बाकीचे शब्द. घरात आम्ही टाके म्हणतो, कठड्यापलीकडे त्यांचे फंदे होतात. आमची सुई तिथे सलाई, आमचा गुंडा तिथे गोला. आई मला मराठीत शिकवीत, पण नमुने उतरवून घेत ते हिंदी महिला मासिकांच्या बुनाई विशेषांकांतून, त्यामुळे त्यांच्या वहीत ‘२ फं. सी., २ टाके उलट’ (फं. सी. म्हणजे फंदे सीधे, सुलट टाके) अशी दोन भाषांची एकच ओळ सर्रास आढळते. ती वही मी अजून वापरते आणि तिच्यातले काहीही सुधारलेले नाही.

शिकवताना आईंनी मला पहिले तीन आठवडे फक्त एक मफलर विणायला दिला, सबंध सुलट, आणि ८ नंबरच्या सुया. आपल्याकडे अजून जुना विलायती क्रम चालतो, त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर १२ नंबरची पावणेतीनची. बॉर्डर १२ वर आणि अंग १० वर विणायचे, म्हणजे बॉर्डर अंगाला धरून राहते, हे मला नंतर कळले. पण त्याहीआधी त्यांनी विणीचा स्वभाव समजावून सांगितला. मागावर विणलेल्या कापडात उभे-आडवे वेगवेगळे धागे असतात. स्वेटरमध्ये मात्र एकच धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत जातो आणि प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या गळ्यातून बाहेर काढलेला असतो. म्हणून तो ताणला तर ताणतो, सोडला तर पूर्ववत होतो, आणि म्हणूनच एक टाका सुईवरून गळाला तर त्याच्याखालचे टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे तळापर्यंत सुटत जातात. आई तो सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढवून आणीत. घाई करीत नसत. ‘सुटला ना, मग आता तो कुठे जात नाही,’ असे म्हणत आणि माझ्या हातातले काम काढून न घेता मलाच वर चढवायला लावीत.

आमच्या वाचनाचा हंगाम आणि विणकामाचा हंगाम हे दोन्ही एकाच वेळी सुरू होत, आणि तो योगायोग मला फार भाग्याचा वाटतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाचे वाचन दिवाळीला जोडले गेले, ग्वाल्हेरमध्ये लोकरीची खरेदीही दसरा-दिवाळीच्या सुमाराला होते. आमच्या गल्लीतली पाच मराठी घरे मिळून अंक मागवीत, प्रत्येक घरी दोन, आणि मग ते संक्रांतीपर्यंत फिरत राहत. मी वाचायचे आणि आईंनी विणायचे अशी वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत पडली, कारण मला विणता येत नव्हते आणि त्यांना हात रिकामा ठेवून ऐकवत नसे. मागचे अंक अजून घरोघर फिरत होते. तेच मी वाचत होते. फिरून शेवटी ज्या घरचे अंक त्या घरी परत येत, म्हणूनच समासात पेन्सिलीची रेघ ओढण्याची मुभा आई स्वतःला फक्त आमच्या दोन अंकांत देत. वाचनालयाच्या पुस्तकात त्यांनी कधी रेघ ओढली नाही. त्यासाठी दूधवाल्याच्या हिशेबाच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या असत.

विणणाऱ्या बाईला वाचून दाखवणे ही गोष्ट नुसते मोठ्याने वाचण्याहून वेगळी आहे, आणि हे मला नीट सांगायचे आहे. सरळ वीण चालू असली की ऐकणारीचे कान पूर्ण मोकळे असतात, तेव्हा लांब पल्ल्याची वर्णने, वंशावळी, प्रवास, काहीही चालते. गोफाची वीण असली की दर आठव्या ओळीला चार टाके जादा सुईवर काढून, पुढचे चार विणून, मग ते परत घ्यावे लागतात, आणि त्या क्षणी कानावर पडलेला शब्द वाया जातो. आई तेव्हा हात वर न करता फक्त ‘थांब’ म्हणत. मी वाक्याच्या मध्ये असेन तिथे थांबत असे. कथेत कधी कुणी दार उघडत असे, कधी कुणाच्या हातात पत्र असे, आणि त्या उघड्या दारापाशी आम्ही दोघी अर्धा मिनिट थांबून राहत असू, लेखकाने जिथे थांबायला सांगितलेले नव्हते तिथे. ‘हं’ आला की मी पुढे जात असे. मी एकटीने वाचलेल्या कथांचे शेवट मला आठवतात. आईंना वाचून दाखवलेल्या कथांतली ही मधली वाक्ये आठवतात. कविता मात्र आम्ही विणताना वाचल्या नाहीत. त्यासाठी सुया खाली ठेवायच्या, हे न बोलता ठरलेले होते.

पुढे मी स्वतः विणू लागल्यावर एकटीने दोन्ही करण्याचाही भरपूर सराव केला, आणि त्यातून पुस्तकांच्या बांधणीविषयी माझी ठाम मते झाली. दोन्ही हात सुयांत गुंतलेले असताना पुस्तकाने आपले आपण उघडे राहिले पाहिजे. दोऱ्याने शिवलेल्या फर्म्यांचे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्यांचे, जुने पुस्तक मांडीसमोरच्या पाटावर ठेवले की दोन्ही अंगांना शांतपणे पसरते. त्याच्या मधोमध पाहिले तर शिवणीचा पांढरा दोरा दिसतो, आणि तो दर सोळा पानांनी पुन्हा दिसतो. नुसत्या डिंकावर चिकटवलेले पुस्तक मात्र सारखे मिटू पाहते. त्यावर लोखंडी पट्टी ठेवली तर ओळी झाकतात, आणि फार दाबले तर पाठीचा डिंक तडकून पाने सुटतात. प्रकाशकांनी पुस्तके पुन्हा शिवावीत असे मला मनापासून वाटते. जे पुस्तक हात लावल्याशिवाय उघडे राहत नाही ते घरात काम करणाऱ्या माणसाला निम्मेच उपयोगी पडते.

माझी सगळ्यात मोठी चूक १९९४ सालची. ह्यांच्यासाठी गडद निळ्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घेतला होता आणि लोकर १०० ग्रॅम कमी पडली. मी बाजारात जाऊन त्याच रंगाची, त्याच क्रमांकाची लोकर आणली. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाबरोबर घाणीचाही क्रमांक छापलेला असतो, म्हणजे एका वेळच्या रंगकामातून निघालेला माल कोणता ते त्यावरून कळते, हे मला ठाऊक होते. पण मी तो पाहिला नाही आणि दुकानदारानेही सांगितला नाही. संध्याकाळच्या दिव्यात दोन्ही निळे एक दिसले. डावी बाही पूर्ण झाल्यावर मी ती सकाळी गच्चीवर नेली, आणि उन्हात ती बाही जांभळट झाली. मला रडू आले. आईंनी ती बाही हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिली आणि मग दोन्ही बाह्या उसवायला सांगितल्या, उजवीसुद्धा, जिच्यात काहीही दोष नव्हता. उसवलेली लोकर कुरळी होते. तिच्या लड्या करून कोमट पाण्यातून काढल्या, निथळत ठेवून खाली वजन बांधले आणि दोन दिवसांनी ती सरळ झाली. मग दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन ओळी नव्या गुंड्याच्या, अशा दोन्ही बाह्या पुन्हा विणल्या. दोन निळे एकमेकांत असे मिसळले की आजही कुणाला दाखवून सांगितल्याशिवाय ओळखता येत नाही. त्या बाह्यांच्या चार-चार ओळींच्या रेघा एका ऐतिहासिक लेखाच्या समासात आहेत, आणि तो लेख कशाविषयी होता हे मला त्या रेघांमुळेच पक्के आठवते.

आई स्वतः फारसे बोलत नसत, पण १९६२ च्या थंडीविषयी त्या दरवर्षी एकदा सांगत. चीनशी युद्ध सुरू झाले आणि हिमालयातल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळल्यावर देशभर बायका स्वेटर, मोजे, मफलर विणायला बसल्या. आई तेव्हा चोवीस वर्षांच्या, कडेवर एक मूल. लष्करातल्या घराघरांतून हिरवट खाकी लोकरीचे गुंडे वाटले गेले. माप कुणाचेच ठाऊक नव्हते, तेव्हा प्रत्येकीने आपल्या घरातल्या उंच पुरुषाचे माप धरले. आईंनी दिरांचे धरले. एकीने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी विणायचे, हा प्रघात त्यांच्या गच्चीवर तेव्हा पडला. ‘बातम्या वाईट होत्या, पण हात थांबले नाहीत,’ एवढेच त्या म्हणत. आपण विणलेला स्वेटर कुणी घातला हे त्यांना कधी कळले नाही, आणि तो कुणाला तरी नीट बसला असेल ना, हा प्रश्न त्यांनी मला ऐंशी वर्षांच्या असतानाही विचारला होता.

२००६ नंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली. आधी समासातल्या रेघा वाकड्या झाल्या, मग त्या ओढण्याचे काम माझ्याकडे आले. ओळ संपली की त्या ‘झाली’ म्हणत आणि मी वाचता वाचता रेघ ओढत असे. विणणे मात्र थांबले नाही. सुलट टाका बोटाला दोन पाकळ्या मिटल्यासारखा गुळगुळीत लागतो, उलट टाक्याची आडवी गाठ नखाला अडते. आई अंगठ्याचे टोक ओळीवरून फिरवून आपण कुठे आहोत ते सांगत. एकदा मी शेजारी बसून त्यांचे टाके डोळ्यांनी मोजले आणि ९८ म्हणाले. त्या बोटांनी मोजून ९७ म्हणाल्या. पुन्हा मोजले, ९७ होते. त्या दिवसापासून मी अंधारात उलट-सुलट ओळखायला शिकले, आणि माझे डोळे वाचनासाठी खरोखर मोकळे झाले ते तेव्हापासून.

२०१९ च्या जानेवारीत आई गेल्या. २०१८ च्या दिवाळी अंकात शेवटच्या रेघा आहेत, माझ्या हातच्या: सात गट आणि वर दोन, म्हणजे सदतीस. तो किरमिजी स्वेटर इतकी वर्षे सुयांसकट एका उशीच्या अभ्र्यात होता. मी तो पुढे विणला नाही याचे कारण मनाचे होते तसे हाताचेही होते. आईंचा हात घट्ट, माझा सैल. त्यांच्या सदतीस ओळींवर माझी अडतिसावी घातली असती तर तिथे कायमची सीमारेषा दिसली असती. यंदा १९८७ चा तो अंक पाहिल्यावर मी वेगळ्या लोकरीचा एक चौकोन करून पाहिला. आईंच्या १० नंबरच्या सुईवरचे टाके आणि माझे ११ नंबरच्या सुईवरचे टाके अगदी सारखे येतात.

वाचायला आता नात आहे, नऊ वर्षांची. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी तिला येते, पण मराठी ती अडखळत वाचते; ‘ओळ’ला ‘ओल’ म्हणते आणि ‘चमचा’तले दोन्ही च सारखेच उच्चारते. मी दुरुस्त करत नाही, फक्त तो शब्द पुढच्या बोलण्यात एकदा नीट म्हणून ठेवते. काल आम्ही गच्चीवर बसलो. तिने २०१८ चाच अंक घेतला आणि रेघा जिथे संपल्या होत्या तिथून वाचायला लागली, एकेक अक्षर जोडत, आणि तेवढ्या वेळात माझी ओळ निम्मी होत असे. ओळीच्या शेवटी मी ‘थांब’ म्हणाले. तिने पेन्सिल घेतली, दोन रेघांच्या शेजारी तिसरी ओढली आणि विचारले, ‘आजी, आता पुढे वाचू?’